आईला ऐकू न येणारा ट

कॅनडातल्या एका प्रयोगशाळेत सहा-सात महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर बसलंय. समोर एक बाई खेळणी हलवून त्याला रमवतेय. बाजूच्या स्पीकरमधून एकसुरी आवाज चाललाय: ता, ता, ता, ता. मधेच तो बदलतो: टा. बाळ झटकन मान वळवतं. आवाज बदलला की त्या बाजूच्या पेटीत दिवा लागतो आणि आतलं खेळण्यातलं जनावर हलायला लागतं, हे एव्हाना त्याच्या ध्यानात आलंय. आईच्या कानांवर हेडफोन आहेत आणि त्यात गाणी चालू आहेत. तिच्याकडून नकळत बाळाला इशारा जाऊ नये, म्हणून ही काळजी. खरं तर हेडफोन नसते तरी फारसं बिघडलं नसतं. आई इंग्रजी बोलणारी, तिला ता आणि टा दोन्ही सारखेच. बाळाने मान का वळवली, हे तिला कळलंच नसतं.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी हे प्रयोग केले. स्पीकरमधला आवाज हिंदी बोलणाऱ्या माणसाचा होता. ताक आणि टाक यांत गल्लत होणारा माणूस आपल्याला डोळ्यांपुढे आणता येत नाही, इतका हा फरक आपल्या अंगवळणी पडलेला आहे. एकात जीभ दातांना टेकते, दुसऱ्यात मागे वळून टाळूला. इंग्रजी कान मात्र दोन्ही आवाज आपल्या ‘टी’च्या एकाच खणात टाकून मोकळा होतो. आणि त्याच घरातलं, जन्मात एकही हिंदी वाक्य न ऐकलेलं बाळ ते सरळ वेगळे करून दाखवतं.

पण फार दिवस नाही. १९८४ साली वर्कर आणि टीझ यांनी या कथेचा दुसरा भाग छापला. सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी घरातल्या बाळांना त-ट जवळजवळ हमखास ओळखता येतात. आठ ते दहा महिन्यांत ओळखणाऱ्यांची संख्या घटते आणि दहा-बारा महिन्यांच्या बाळांत क्वचितच कुणाला ते जमतं. हिंदी घरातली अकरा-बारा महिन्यांची बाळं मात्र बिनचूक मान वळवत होती. आपला कान जात्याच तीक्ष्ण, असं वाटून कुणाची छाती फुगण्याआधी सांगायला हवं, की याच प्रयोगात ब्रिटिश कोलंबियातल्या मूळ रहिवाशांच्या सॅलिश कुळातल्या एका भाषेतले दोन आवाजही घेतले होते. दोन्ही क-सारखे, घशाच्या मागच्या बाजूला किंचित पुढेमागे उमटणारे. तिथे आपली गत त्या कॅनेडियन आईसारखीच. जपानी बाळांचं र आणि ल यांच्या बाबतीत तेच होतं. सहा-आठ महिन्यांची जपानी आणि अमेरिकन बाळं हा फरक ओळखण्यात सारखीच असतात, वर्ष भरता भरता अमेरिकन बाळं पुढे सरकतात आणि जपानी मागे पडतात.

म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आत, तोंडातून धड एक शब्द फुटायच्या आधी, काय ऐकायचं नाही हे बाळाने ठरवून टाकलेलं असतं. आणि हे ठरवायला त्याला कुणीही सांगितलेलं नसतं. आपण इतकी वर्षं शाळेत इंग्रजीचे उच्चार घोटतो, ते सगळं या बंद झालेल्या दारांवर धडका देणं आहे, असं मला ही आकडेवारी वाचताना वाटत राहिलं.

कानाचं काम सुरू होतं ते पोटातच. शेवटच्या तीनेक महिन्यांत बाळाला बाहेरचं ऐकू येऊ लागतं, पण शेजारच्या खोलीतलं बोलणं भिंतीतून येतं तसं: व्यंजनं बुजलेली, चढउतार आणि ठेका तेवढा पोचलेला. २००९ साली जर्मनीत कॅथलीन वेर्म्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस फ्रेंच आणि तीस जर्मन नवजात बाळांचं रडणं तपासलं. बाळं दोन ते पाच दिवसांची. फ्रेंच बाळांचा टाहो खालून वर चढत जाणारा निघाला, जर्मन बाळांचा वरून खाली उतरणारा, आणि त्या त्या भाषेच्या बोलण्याची चालही बरीचशी तशीच आहे. अभिमन्यूची आठवण येणं साहजिक आहे. मात्र गर्भसंस्काराच्या सीडी विकणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये. पोटातल्या बाळापर्यंत चाल पोचते, चक्रव्यूहाचा नकाशा नाही.

बाहेर आल्यावर पुढचं कोडं वाट पाहतच असतं. आपण बोलताना शब्दांमध्ये थांबत नाही. बाळाच्या कानावर येतं ते ‘चिऊताईआलीइकडेबघचिऊताईचिऊताईगेली’ असं एकसंध. शब्द कुठे संपला? १९९६ साली रॉचेस्टर विद्यापीठात जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना बिदाकू, पादोती, गोलाबू असल्या निरर्थक शब्दांची माळ ऐकवली. आवाज यंत्राचा, त्यात ना विराम ना हेल. फक्त दोन मिनिटं. नंतर बाळांना तेच शब्द आणि शब्दांच्या सीमेवर तोडलेले तुकडे आलटून पालटून ऐकवले, तेव्हा बाळं तुकड्यांकडे जास्त वेळ लक्ष देत होती, कारण ते त्यांना नवे वाटत होते. युक्ती अशी: ‘चि’नंतर ‘ऊ’ येतो, ‘ऊ’नंतर ‘ता’, ‘ता’नंतर ‘ई’, पण ‘ई’नंतर काहीही येऊ शकतं. जिथे पुढचं अक्षर सांगता येत नाही, तिथे शब्द संपला. हा हिशेब आपल्याला कागदावर मांडायला तासभर लागेल. मांडीवरचं बाळ तो दोन मिनिटांत आपोआप करतं आणि वर तोंडात पायाचा अंगठा घालून बसतं.

इतकं तयारीचं बाळ समोर असताना मोठी माणसं काय करतात? आपण बोबडं बोलतो.

१९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांतल्या मोठ्यांच्या बाळबोलीची तुलना छापली: अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातली कोमांची, सायबेरियाच्या पूर्व टोकाची गिल्याक आणि मराठी. त्याच वर्षी पुढे ‘रुजुवात’ लिहिणाऱ्या अशोक केळकरांचा मराठी बाळबोलीवरचा स्वतंत्र निबंध ‘वर्ड’ या संशोधन-नियतकालिकात आला. मम्म, दुदू, भूभू, माऊ, हम्मा, काऊ, बाऊ, भुर्र, गाई, शी, शू हा ऐवज गंभीर विद्वानांच्या टेबलावर जाऊन पोचला, याचा मला अजून आनंद होतो. फर्ग्युसनला दिसलं ते असं, की एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या या भाषांत बाळबोलीची घडण मात्र सारखी. ओठांवरचे सोपे आवाज, अक्षराची द्विरुक्ती, अवघड व्यंजनांना फाटा. आणि विषय ठरलेले: खाणं, झोपणं, शी-शू, जनावरं, नातलग. शिवाय हे शब्द बाळांनी घडवलेले नसतात. आज्या आयांना देतात, आया बाळांना. बाळ त्यांतून पुढे मोठं होतं आणि आपलं बाळ झाल्यावर पुन्हा तेच गाठोडं सोडतं.

शब्दांपेक्षा आवाजाचं रूप आणखी मजेशीर. एरवी दोन वाक्यांवर तिसरं न बोलणारे आजोबा नातवाला घेतात आणि ‘कोन आलं? कोन आलं? माजं शोनं कुथे गेलं होतं?’ असं सूर उंचावून, स्वर ताणून, ण आणि ठ गिळून सुरू होतात. हे फक्त आपल्याकडे नाही. २०२२ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा खंडांतल्या एकवीस समाजांतल्या ४१० माणसांचं बाळाशी आणि मोठ्यांशी बोलणं-गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं, एकंदर १६१५ तुकडे. बहुतेक ठिकाणी बाळाशी बोलताना आवाज ठरावीक तऱ्हेने बदलत होता, आणि ती भाषा अजिबात न कळणारे परदेशी श्रोतेही बाळाशी बोलणं कोणतं ते नुसत्या अंदाजाने येईल त्यापेक्षा कितीतरी चांगलं ओळखत होते. ऑस्ट्रेलियात आणखी एक गंमत तपासली गेली. तिथल्या बायका बाळाशी आणि घरच्या कुत्र्या-मांजराशी दोघांशीही उंच सुरात बोलत होत्या, पण स्वर सुटे सुटे, ठसठशीत करून बोलत होत्या त्या फक्त बाळाशी. मांजर कधी बोलणार नाही, हे त्यांच्या जिभेला ठाऊक होतं.

एवढं सगळं वाचलं की वाटतं, बोबडं बोलणं ही बाळाला भाषा शिकवण्याची निसर्गाने योजलेली रीत असणार. मीही तसं म्हणून इथे थांबलो असतो, पण कालुली आडवे येतात.

पापुआ न्यू गिनीच्या बोसावी डोंगराच्या पायथ्याच्या जंगलात कालुली लोक राहतात. १९७०च्या दशकात संशोधक बांबी शिफेलिन त्यांच्यात राहिल्या. कालुली आया बाळाला क्षणभरही एकटं सोडत नाहीत, पण त्याच्याशी गप्पा मारत नाहीत. त्यांच्या मते तान्ह्याला काही कळत नाही, मग बोलायचं कुणाशी? आई बाळाला आपल्याकडे तोंड करून धरत नाही, बाहेर तोंड करून धरते, म्हणजे त्याला माणसं दिसतील आणि माणसांना ते. मोठं भावंड येऊन बाळाला काही बोललं तर आई बाळाच्या वतीने उत्तर देते, उंच नाकी आवाजात, पण व्याकरण अगदी शुद्ध. हे मात्र आपल्याला ओळखीचं आहे. पाहुण्यांनी हात पुढे केले की आजी नातवाला छातीशी धरून म्हणतेच ना, ‘नाही बाई, मला कुठ्ठे जायचं नाही, मी माझ्या आजीकडेच राहणार.’

बाळाच्या तोंडून ‘आई’ आणि ‘स्तन’ या अर्थांचे दोन शब्द निघाले, की कालुलींच्या लेखी बोलायला सुरुवात झाली. त्याआधीची बडबड हिशेबात नाही. आणि मग शिकवणी सुरू होते ती थेट बोलण्याची: आई वाक्य म्हणते, शेवटी ‘एलेमा’ जोडते, म्हणजे ‘असं म्हण’, आणि मूल ते समोरच्या तिसऱ्याच माणसाला ऐकवतं. दे म्हण. ते माझं आहे म्हण. लाज नाही वाटत का तुला, म्हण. बोबडं बोलणं त्यांना मुळीच खपत नाही. मुलाला पक्कं बोलायचंय, मग त्याला कच्चं का ऐकवायचं, असा त्यांचा सवाल. त्यात तथ्य आहे की नाही ते सोडा, पण प्रश्न बिनतोड आहे.

सामोआत एलिनॉर ऑक्स यांना वेगळीच तऱ्हा दिसली. तिथे मानपानाची उतरंड कडक. लहान मूल अडखळत काही बोललं तर त्याचा अर्थ लावत बसणं हे मोठ्यांचं काम नव्हे. कळलं नाही तर ‘काय?’ म्हणायचं, पुन्हा सांगणं ही मुलाची जबाबदारी. आणि बाळाचा पहिला शब्द कोणता, असं विचारलं तर आया हसून सांगत: ‘ताए’. त्याचा अर्थ शी. एका शिवीतला हा तुकडा आहे, आणि मूल जन्मतःच आगाऊ असतं याचा तो त्यांना पुरावा वाटतो. आपल्याकडे कोणत्याही बाळाचा पहिला शब्द ‘आई’ किंवा ‘बाबा’च निघतो. ऐकणारे कोण आहेत, यावर बरंच अवलंबून असावं. ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांत तर सूर उंचावणं मानाच्या माणसापुढे बोलण्याची खूण आहे. तिथल्या आयांचा आवाज बाळाशी बोलताना चढत नाही, असं क्लिफ्टन पाय यांनी नोंदवलं.

या निरीक्षणांना आकड्यांची जोड अलीकडे मिळाली. मेक्सिकोतल्या चियापासच्या डोंगराळ भागात त्सेल्ताल माया लोकांची गावं आहेत. बाळ बहुतेक वेळ आईच्या पाठीवर झोळीत. मारिसा कासियास, पेनेलोप ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी तीन वर्षांखालच्या दहा मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर चढवून दिवसभराचं बोलणं टिपलं. थेट मुलाला उद्देशून बोललं गेलेलं भरलं तासाला चार मिनिटांहूनही कमी. बाकी सगळं मोठ्यांचं आपसातलं बोलणं, शेतातलं, चुलीपुढचं, बाळाच्या डोक्यावरून जाणारं. तरी बडबड, पहिला शब्द, दोन शब्दांची जोडणी हे टप्पे या मुलांनी पाश्चात्त्य शहरातल्या मुलांच्या सुमारासच गाठले. २०२० साली हे प्रसिद्ध झालं.

अमेरिकेत याच्या उलट टोकाची चिंता पसरलेली होती. १९९५ साली हार्ट आणि रिझली यांनी कॅन्ससमधल्या ४२ कुटुंबांचा अभ्यास करून गरीब घरातलं मूल चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटी शब्द कमी ऐकतं, असा अंदाज मांडला. त्या आकड्यावर पुढे बरीच टीका झाली. आजूबाजूच्या माणसांचं बोलणं हिशेबात धरलंच नव्हतं, ही त्यातली मुख्य. मुलाशी बोलणं वाया जातं असं नव्हे. ज्यांच्याशी जास्त बोललं जातं त्या मुलांचा शब्दसाठा लवकर वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण दिवसभरात बाळाशी किती शब्द बोललो याची वही ठेवणाऱ्या आईबापांनी एकदा त्सेल्ताल आईकडे पाहून श्वास सोडायला हरकत नाही.

याच त्सेल्तालमध्ये ‘खाणे’ या एका क्रियापदाने काम भागत नाही. मक्याची पोळी खाणं वेगळं, मांस खाणं वेगळं, मऊ फळ खाणं वेगळं, कुडूम कुडूम चावून खाण्याचं वेगळंच. सोपं सर्वसाधारण आधी आणि बारकावे नंतर, असं आपण धरून चालतो. त्सेल्ताल मुलं नेमकी क्रियापदं अगदी सुरुवातीलाच उचलतात. कोरियनमध्ये ‘क्कीदा’ म्हणजे घट्ट बसवणं: बोटात अंगठी, पेनाला टोपण, खोक्यात नेमकं बसणारं पुस्तक, सगळं क्कीदा. आपण अंगठी बोटात आणि लाडू डब्यात एकाच ‘त’ने घालतो, घट्ट-सैल बघत नाही. सूनजा चोई आणि मेलिसा बॉवरमन यांनी दाखवलं, की दोन वर्षांच्या आतलीच कोरियन मुलं जगाची वाटणी कोरियन पद्धतीने करतात आणि इंग्रजी मुलं इंग्रजी पद्धतीने. गंमत म्हणजे २००४ सालच्या प्रयोगात इंग्रजी घरातल्या पाच महिन्यांच्या बाळांनाही घट्ट आणि सैल यांतला फरक जाणवत होता. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांचं मात्र तिकडे लक्ष जात नव्हतं.

मग भाषा शिकायला बाळाला लागतं तरी काय? सिॲटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकन घरातल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी ऐकवलं. चार आठवड्यांत बारा बैठका, चिनी माणूस समोर बसून पुस्तकं दाखवतोय, खेळतोय. एवढ्या तुटपुंज्या संगतीनेही ही बाळं चिनी आवाजांतले फरक तैवानमधल्या बाळांइतकेच ओळखायला लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तिसऱ्याला नुसतं ऐकवलं. त्या दोन्ही गटांच्या पदरात काहीही पडलं नाही. २००३ सालची ही गोष्ट. जेवताना मोबाइल पुढे ठेवला की बाळ ‘इंग्रजी शिकतं’ असं सांगणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

आणि माणसं आहेत, पण त्यांच्याकडे देण्यासारखी भाषाच नाही, असं झालं तर? निकाराग्वात १९७०च्या दशकापर्यंत कर्णबधिर मुलं आपापल्या घरी विखुरलेली असत, घरापुरत्या खाणाखुणांवर भागवत. १९७७ साली मानाग्वात त्यांच्यासाठी विशेष शाळा सुरू झाली, १९८० साली मोठ्या मुलांसाठी व्यवसायशिक्षणाची. शिक्षक ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते, आणि ते फारसं जमत नव्हतं. मुलं मात्र बसमध्ये, मैदानावर, डब्याच्या सुट्टीत एकमेकांच्या घरच्या खुणा उचलत होती, जोडत होती. काही वर्षांत शिक्षकांना मुलांचं आपसातलं बोलणं कळेनासं झालं. १९८६ साली अमेरिकेतून भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल यांना बोलावण्यात आलं. समोर होती एक कोरी करकरीत भाषा. कोणत्याही मोठ्याने ती शिकवलेली नव्हती.

ॲन सेंघास आणि सहकाऱ्यांनी पुढे या भाषेच्या वेगवेगळ्या पिढ्यांना एक कार्टून दाखवलं. त्यात मांजर बोलिंगचा चेंडू गिळतं आणि उताराच्या रस्त्यावरून गडगडत खाली जातं. हे हातांनी सांगा, म्हणाले. सुरुवातीच्या वर्षांत आलेले, आता वयाने मोठे झालेले लोक बहुतेक वेळा हात गोल फिरवत फिरवत खाली नेत, घडलं तसंच, एका फटक्यात. त्यांच्यानंतर लहान वयात शाळेत आलेली मुलं त्या हालचालीचे दोन तुकडे करत: आधी नुसतं गडगडणं, मग नुसतं खाली जाणं. डोळ्यांना दिसताना त्या दोन गोष्टी कधीच सुट्या दिसत नाहीत, पण सुट्या केल्या की त्यांच्या हव्या तशा जोड्या लावता येतात: गडगडत वर, उड्या मारत खाली. २००४ साली हा अभ्यास छापला गेला तोवरही जुन्या फळीतले बहुतेक जण हात फिरवत खाली नेण्याचीच पद्धत वापरत होते. लहानांनी भाषा त्यांच्याकडून घेतली होती. लहानांनी तिच्यात घातलेली ही भर त्यांना परत घेता आली नव्हती.